अठ्ठ्याऐंशीतलं एक

गवती टोपी डोळ्यांवर ओढलेली होती, तरी फुमियोने त्याला चालीवरून ओळखलं. डावा खांदा पाडून चालायची ती ढब थेट बापाची.

"आला गं आणखी एक," शेजारची तोकिए म्हणाली. तिला मोतीबिंदू, यात्रेकरू म्हणजे तिच्या लेखी नुसता पांढरा सदरा.

आज दाइशींचा, म्हणजे या यात्रेच्या जुन्या संतांचा दिवस. बेटावरची अठ्ठ्याऐंशी छोटी देवळं पायी करायला माणसं बोटीने येतात, आणि देवळादेवळाशी बसलेल्या बायका त्यांना खाऊ घालतात. आलेल्याला हाकलायचं नाही, त्यानेही दिलेलं नाकारायचं नाही.

बापाच्या मौतीला न आलेल्या पोराला मी दारात उभा करणार नाही, असं फुमियो चारचौघांत बोलून बसली होती. मेल्याने बरोबर वाट शोधली. यात्रेकरूला कोण अडवणार?

तिच्या लेकाने, यासुनोरीने, समोर येऊन हात जोडले. सदऱ्याची दुकानातली घडीसुद्धा मोडली नव्हती. आधी तू हाक मार, मग बघू, फुमियो मनात म्हणाली.

"कुठून आलात, बाबा?" तोकिएने विचारलं.

"ओसाकाहून."

"घरी आई आहे का?"

"आहे. बोलत नाही माझ्याशी."

"बोलेल हो! आईच ती. किती दिवस फुगून बसेल?"

फुमियोचा हात टोपलीकडे गेला. कडेला फडक्याखाली भाताचा एक मुटका वेगळा ठेवलेला होता, आत खारवलेलं आलुबुखार न भरलेला. ते आंबटढाण फळ लहानपणी यासुनोरीच्या घशाखाली उतरायचं नाही. दर वर्षी ती असा एक मुटका वळायची आणि संध्याकाळी स्वतःच खायची. हात फडक्यापर्यंत गेला नि मागे आला. तिने ढिगातलाच एक उचलून त्याच्या हातावर ठेवला.

"खा. नाही म्हणायचं नसतं."

त्याने उभ्याउभ्याच खाल्ला. आलुबुखार दाताखाली आलं तेव्हा डोळे गच्च मिटले, पण थुंकला नाही. पुन्हा हात जोडले. जरा घुटमळला. फुमियोने उगाचच किटलीचं झाकण उघडून पाहिलं. तो वळला.

ओठांवर आलेलं नाव तिने गिळलं. जातोय कुठे? दिवसभर बेटावरच फिरणार. संध्याकाळी धक्क्यावर गाठू, तोवर राग तरी उतरेल.

खाली बोटीचा भोंगा वाजला.

"अगं, तो पांढरा सदरा धक्क्याकडे चाललाय का?" तोकिए डोळे बारीक करत म्हणाली. "असला कसला बाई यात्रेकरू! ओसाकाहून आला, आणि अठ्ठ्याऐंशीतलं एकच देऊळ करून परत?"

फुमियो ताडकन उठली. फडक्याखालचा मुटका घेऊन अनवाणीच उतारावर धावत सुटली.

"अगं, त्याला दिला की मघाशी!" तोकिए मागून ओरडली.

वळणावर पोचेपर्यंत बोटीने धक्का सोडला होता.

"यासु!" ती जीव खाऊन ओरडली. "अरे यासु!"

खालच्या देवळापाशी बसलेल्या बायका चहा ओतायच्या थांबल्या. हे नाव तिच्या तोंडून कुणी वर्षानुवर्षं ऐकलं नव्हतं. आज सगळ्यांनी ऐकलं. बोट तेवढी पाठमोरीच राहिली.