सर्वांसाठी खुला काठ

“आजपासून हा काठ सर्वांसाठी खुला!” अध्यक्षांनी फीत कापत जाहीर केलं आणि पाहुणे आत येताच, गुरं शिरू नयेत म्हणून, गेटला कुलूप घातलं.

मुंबईतली समुद्राकाठची बाग सुधारून झाल्यावर अध्यक्षांची संस्था भातसानगरजवळ धरणाकाठी बाग फुलवायला आली होती. नियमांची पाटी तिकडचीच उचलून आणली होती: ‘भरतीच्या वेळी पाण्यात उतरू नये. सायंकाळी सहानंतर थांबण्यास मनाई.’ कुंपणाचे खड्डे काठावरच राहणाऱ्या जिवलीच्या नवऱ्याने, पोश्याने खणले होते. संस्थेने फक्कीची पांढरी रेघ मारली होती तिथूनच त्याने इमानाने खणत नेलं आणि स्वतःचंच घर कुंपणाच्या आत घेतलं.

सहाला रखवालदाराची शिट्टी झाली. जिवली दारातून हलेना.

“सायेब, ह्ये माझंच घर हाय. जाऊ कुठं?”

अध्यक्ष विरघळले. “बाई, तुम्ही तर आमच्या बागेची शोभा! तुम्हाला खास परवानगी. खुशाल राहा.”

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या.

 

“लय उपकार झालं,” जिवली म्हणाली. “मग तेवढं आमच्या घरवाल्याला बी आत घ्या. मगापासून मासं घेऊन गेटाबायेर उभा हाय, त्याला नाय सोडीत.”