मऊ पडलेली बिस्किटं

कापड कापणाऱ्या कटिंग मास्तरने शिंप्याच्या डब्यातलं बिस्किट न विचारता उचललं, तोंडात टाकलं आणि वर म्हणाला, "मऊ पडलीत तुझी बिस्किटं."

शिंप्याने डब्याला झाकण लावलं. सोफ्याच्या खोळी शिवणाऱ्या या कारखान्यात येऊन त्याला वर्ष होत आलं होतं. परक्या देशात त्याला एवढं एकच सुख लागलं होतं, की इथे कोणी आवाज चढवत नसे. धाग्याचं रीळ मागायचं तरी आधी प्लीज आणि मिळाल्यावर थँक्यू. मालकाच्या शिव्या खात शिवण शिकलेल्या माणसाला याचं भारी अप्रूप वाटलं. ते दोन्ही शब्द त्याने हौसेने उचलले आणि फुटाण्यांसारखे वाटत सुटला.

घरीसुद्धा. बायकोने चहा आणला की थँक्यू, टॉवेल दिला की थँक्यू. सुरुवातीला ती हसायची. मग हसेनाशी झाली. परवा तिने कप ठेवला, त्याचं थँक्यू ऐकलं आणि तिथेच उभी राहिली.

"अहो, माझं काही चुकलं का?"

"छे. तुझं काय चुकणार?"

"मग पाहुण्यासारखं का बोलता माझ्याशी?"

आभार मानले म्हणून रुसणारी बायको त्याने कधी पाहिली नव्हती. अर्थात त्याला बायको एकच असल्यामुळे तुलनेला वाव नव्हता.

आणि आता हा मास्तर. हा एकटा असता तरी चाललं असतं, पण सगळ्या कारखान्याचंच काहीतरी बिनसलं होतं. सुपरवायझर बाईंनी त्याने शिवलेली खोळ उलटी करून पाहिली आणि सगळ्यांदेखत म्हणाल्या, "ही टीप आहे की गांडूळ? उसव." याच बाई आतापर्यंत म्हणत आल्या होत्या, "छान झालीय, फक्त कडेला जमलं तर बघाल का, प्लीज?" त्याची कात्री कोणीतरी नेली आणि परत आणून टेबलावर नुसती आपटली. चहाच्या खोलीत सगळ्यांचे कप विसळायचं काम त्याच्या गळ्यात मारलं. वर्षभर त्याला कोणी स्वतःचा कपसुद्धा धुऊ दिला नव्हता. "राहू द्या, राहू द्या" म्हणत हातातून काढून घ्यायचे.

त्याची नोकरी पक्की करायची की नाही, हे आता ठरायचं होतं आणि ठरवणार होत्या बाईच. नोकरी गेली की देश सुटला. आपलं कुठे चुकलं, हे त्याला काही केल्या उमगेना. काढून टाकण्याआधी इथे असंच वागतात की काय? विचारणार तरी कोणाला?

मग त्याला येत होता तो एकच उपाय त्याने केला. सभ्यपणा दुप्पट केला. बाई दिसल्या की मशीन थांबवून उभा राहू लागला. मास्तरशी बोलताना "आपली हरकत नसेल तर" अशी सुरुवात करू लागला. मऊ बिस्किटांचा डबा घरी नेला आणि ताज्या बिस्किटांचा पुडा आणून, स्वतः फोडून सगळ्यांपुढे धरला.

मास्तरने बिस्किट घेतलं नाही. "नको, थँक्यू," एवढंच म्हणाला. चहाच्या खोलीत शिंपी शिरला की रंगात आलेली थट्टा बंद पडू लागली. त्याला वाटलं, सभ्यपणा अजून कमी पडतोय. त्याने तो आणखी वाढवला.

शेवटी बाईंनी आत बोलावलं आणि दार लावून घेतलं. मास्तरही तिथेच खाली मान घालून उभा होता. झालं, आटोपलं. मनातल्या मनात शिंप्याने बायकोला सामान बांधायला सांगूनही टाकलं.

बाई गळ्यातली मोजपट्टी बोटाला गुंडाळत राहिल्या. मग म्हणाल्या, "आमचं काही चुकलं का?"

"तुमचं?"

"तुला पक्कं करायचं ठरून आठवडा झाला. कागद आला की सांगणार होते. या मास्तरच्या पोटात काही राहत नाही, याने सगळ्यांना सांगून टाकलं, हा आता आपला म्हणून. सगळे खूश. आणि तेव्हापासून तू आमच्याशी असा बोलतोयस, जसे आम्ही कोणी गिऱ्हाईक."

"त्या बिस्किटावरून राग आला असेल तर तसं सांग," मास्तर पुटपुटला.

बाईंचा प्रश्न शिंप्याने नुकताच घरी बायकोच्या तोंडून ऐकला होता, दुसऱ्या भाषेत, चहाच्या कपाशी. त्याचा जीव भांड्यात पडला होता, पण डोकं काही ठिकाणावर येईना. आता यावर थँक्यू म्हणायचं की नाही, हेही त्याला कळेना. त्याने नुसती मान हलवली आणि जागेवर येऊन एक वाकडी टीप उसवायला घेतली.

संध्याकाळी बायकोने चहा पुढे ठेवला आणि तो नेहमीचा शब्द ऐकायला नको म्हणून लगेच ओट्याकडे वळली. नोकरी पक्की झाल्याची बातमी त्याच्या ओठांवर होती. पण त्याआधी दुसरंच काहीतरी बोलायला हवं, असं त्याला वाटलं. का, ते त्यालाही नीट सांगता आलं नसतं. जिभेवर आलेलं थँक्यू त्याने पहिल्या घोटाबरोबर गिळलं.

"साखर कमी आहे," तो म्हणाला.

ती गर्रकन वळली. त्याच्याकडे बघता बघता, कितीतरी दिवसांनी, तिचा चेहरा मोकळा झाला.

"मग हात मोडलेत का? घ्या की उठून."