थोरली की धाकटी

नवसाबाई चौथ्यांदा खुर्चीवरून उठली. नवरात्राचे अनवाणी पाय शोरूमच्या गार फरशीवर ठरत नव्हते. दोन गाड्यांच्या मधून ती काचेच्या दारापर्यंत गेली, मुंबई नाक्याची रहदारी बघितली आणि तशीच परत आली.

"रोहितची आई, बस ना जरा," पुंजाराम म्हणाला. "तुझ्या फेऱ्यांनी मलाच गरगरायला लागलं."

गाड्या एकाच कंपनीच्या. "सख्ख्या बहिणी समजा, काका," विकणारा गोरक्ष सांगत होता. "इंजिन एकच, सांगाडा एकच. थोरलीचा नुसता थाट जास्त." थोरली काळीभोर, आत चामड्याच्या गाद्या, मागची काच बोटानं उघडणारी. धाकटी पांढरी, साधी, मागे समोरासमोर दोन बाकं.

"पोरगी बघायला आल्यासारखं वाटतंय," पुंजाराम हसला.

"मग चालून दाखव म्हणावं," कलाबाई कोपऱ्यातल्या खुर्चीवरून म्हणाली. "आन् सैपाक येतो का, तेबी इचारा."

गोरक्षसुद्धा हसला.

कलाबाई म्हणजे नवसाबाईची धाकटी जाऊ. तिचा नवरा भिका जाऊन बारा वर्षं झाली, तरी पहाटे फुलं तोडायला दोघी जावा जोडीनंच वाकायच्या. यंदा दसरा चार दिवसांवर आला तरी घरात झेंडूचा ढीग नव्हता. रुंद होणाऱ्या रस्त्यात मळा गेला होता, आणि त्याच मळ्याच्या पैशातून दसऱ्याला दारात गाडी यायची होती.

रोहित थोरलीत स्टिअरिंग धरून बसला होता. उतरायचं नाव नाही.

"नाना, हीच घेऊ. आयुष्यात एकदा घ्यायची, तर मग काटकसर कशाला?"

"सर, हिच्यात पाचच बसतील पण," गोरक्ष म्हणाला. "अगदी ऐसपैस, पण पाचच. घरात माणसं किती?"

"पाचच तर आहोत. नाना, आई, मी, निकिता आणि आमचा समर्थ. झालं."

नवसाबाईनं नवऱ्याकडे बघितलं. आता हा काहीतरी बोलेल, लेकाचं चुकलं म्हणेल, म्हणून ती थांबली. पुंजाराम टायरवर टिचक्या मारत होता, कलिंगड बघावं तसा.

कलाबाईकडे बघायचा तिला धीर झाला नाही. रोहितला गोवर निघाला होता, तेव्हा अकरा दिवस तो या काकूच्या मांडीवरून उतरला नव्हता. नवसाबाईनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. मनातल्या मनात देवीचं नाव घ्यायला लागली, तर नावाच्या जागी 'पाच' येऊ लागलं. तिनं जप सोडून दिला.

"एवढी थोराड गाडी, आन् पाचच?" कलाबाई उठली. चपला फरशीवर काढल्या, थोरलीच्या मागे गेली. तिथलं दार उघडंच होतं. साडी सावरत ती आत चढली आणि मांडी घालून बसली.

"मावशी, मावशी, ती डिक्की आहे!" गोरक्ष धावला.

"असू द्या ना. सिन्नरच्या काळीपिवळीत मी मागंच बसते. तिथं बोकडं असतेत शेजारी. इथं तर गालिचा हाय."

"काकू, तिथं सामान ठेवतात गं!" रोहित आरशातून बघत खदखदला.

"सामानाहून जड नाय रे मी."

हे ती थट्टेत म्हणाली की मनातून, ते नवसाबाईला कळेना. इतक्या वर्षांत असं पहिल्यांदाच झालं होतं.

पुंजारामही हसत होता. हसता हसता त्यानं हात झटकले. "चला, उरका आता. रोहितची आई, तू बोल. तू म्हणशील ती. थोरली की धाकटी?"

चारचौघांत नवऱ्याच्या शब्दापुढे शब्द टाकायची तिला सवय नव्हती. ती बोलली तेही इतकं हळू, की गोरक्षला वाकून ऐकावं लागलं.

"मळ्याच्या कागदावर धाकटीचा अंगठा घेतला, तवा ती घरातली होती ना?"

पुंजारामचं हसू तिथंच राहिलं. "आता ते कुठं इथं…" तो गोरक्षकडे बघत पुटपुटला.

"अक्का, असू दे गं," डिक्कीतून कलाबाईचा आवाज आला. "मला लय जागा होतेय हितं."

रोहितचे हात स्टिअरिंगवरून निघाले. तो खाली उतरला आणि गाडीला टेकून उभा राहिला.

नवसाबाई वळसा घालून मागे गेली.

"सरक गं जरा."

"अगं, तू कशाला?"

"सरक म्हणते ना."

कलाबाई सरकली. नवसाबाई गुडघ्यावर हात देऊन वर चढली आणि पाय मुडपून जावेच्या शेजारी बसली. दोघींचे खांदे एकमेकींना लागले.

"लावा दार," ती गोरक्षला म्हणाली.

गोरक्षनं दाराला हात घातला आणि लावू का, अशा नजरेनं पुंजारामकडे बघितलं. पुंजारामचं लक्ष नव्हतं. तो काचेतून गाडीत बघत होता. चामड्याच्या पाचही जागा रिकाम्या होत्या.