पिस्तूल प्रकरणी खुलासा

खुलासा छापून आला तेव्हा काकांनी तो आधी उभ्यानेच वाचला, मग चष्मा पुसून, बसून वाचला. आतल्या पानावर, हरवले-सापडलेच्या वर चार ओळी होत्या. मथळा होता, ‘पिस्तूल प्रकरणी खुलासा’.

धावण्याच्या शर्यतींना इशारा देणं हे काकांचं काम. मैदानाच्या कडेला हात उंचावून पिस्तुलाने नुसतं ठो करायचं, की पोरं सुटायची. इमारतीतली मुलं त्यांना ठोकाकाच म्हणत. मागच्या आठवड्यात स्पर्धेला निघाले असताना बसस्थानकावर त्यांची पिशवी तपासली गेली. ठाण्यात साहेबांनी ते इशाऱ्याचं पिस्तूल उलटसुलट करून पाहिलं, क्रीडा संघटनेला फोन लावला, चहा पाजला आणि त्यांना सोडून दिलं. पण तोवर बातमी गेली होती: ‘पिस्तूल व जिवंत काडतुसांसह इसम जेरबंद’. नाव आणि पत्ता तेवढा बिनचूक होता. पुढच्या स्पर्धेवाल्यांनी कळवलं, ‘यंदा शिट्टीवरच भागवू.’

काका वर्तमानपत्राच्या कचेरीत गेले. तिथली उपसंपादक मुलगी भली होती. तिने खुर्ची दिली, सगळं ऐकून घेतलं.

“काडतूस म्हटलं की आमच्याकडे ‘जिवंत’ आपोआप लागतं, आजोबा,” ती ओशाळून म्हणाली. “पण गोळी सुटत नाही, तर मग त्यातून सुटतं काय?”

“आवाज,” काका म्हणाले. “आणि पोरं.”

ती हसली. काकाही हसले, बऱ्याच दिवसांनी. घरात बोलायलाच कोणी नव्हतं, तर हसणार कुणाबरोबर? निघताना त्या मुलीने खुलासा छापायचा शब्द दिला होता, आणि आज तो पाळला होता.

काकांनी पेपरची घडी काखेत मारली, जाकीट चढवलं आणि जिना उतरले. खाली पहिल्या मजल्यावरचे गृहस्थ भेटले. त्यांच्याही हातात तोच पेपर होता.

“काय हो काका, हे पिस्तूल प्रकरण काय आहे? आम्ही परगावी होतो, आम्हाला काही पत्ताच नाही!”

काकांनी सांगितलं. गृहस्थांनी “अस्सं, अस्सं” म्हणत मान हलवली आणि एकदम काहीतरी आठवल्यासारखे आत गेले. दार लागलं. काका तसेच परत वर आले.

समोरच्या घरातली सून दारात उभी होती. काका तिला सूनबाईच म्हणत. स्वतःला मूलबाळ नव्हतं, ती हौस अशी भागवून घेत. तिच्या घराची जादा किल्ली कायम त्यांच्याकडे असे. शाळा सुटली की तिची मुलं आधी ठोकाकांचं दार वाजवत.

“काका, जरा किल्ली द्याल का? ह्यांची हरवलीय.”

“देतो की. आजचा पेपर वाचलास का, सूनबाई?”

“वाचला ना. बरं झालं बाई, छापलं ते. आम्हाला काय, पहिल्यापासून माहीतच होतं.”

“आणि मुलं शाळेतून आली की?”

“ती… आजीकडे जातील आता.”

काकांनी मान डोलावली आणि जाकिटाच्या आतल्या खिशात हात घातला.

ती मागे सरकली. फार नाही, पाऊलभरच. तिची पाठ दाराला टेकली. ते दोघांच्याही एकदमच लक्षात आलं.

“अय्या, काका, मी काही…” ती म्हणाली आणि तिथेच अडखळली. तिचा चेहरा लालेलाल झाला.

काकांचा हात खिशातच थांबला होता. मग झोपलेल्या तान्ह्या मुलाखालून हात काढावा तसा त्यांनी तो सावकाश बाहेर काढला आणि तळवा पुरता उघडून तिच्यापुढे धरला.

“किल्ली आहे, सूनबाई,” ते म्हणाले. “नुसती किल्ली.”