पाणमांजराची जोडी

पिंजरा होडीत चढेना. चौघं गडी गुडघाभर चिखलात उभे राहून रेटत होते आणि काठावरून अख्खं चोपडे गाव एकाच वेळी सल्ले देत होतं. सल्ला द्यायला थोडंच कोणाला चिखलात उतरावं लागतं!

“हळू! तिरका करू नका!” भाग्यलक्ष्मी ओरडली. ओरडून ओरडून तिचा घसा बसला होता, पण आज त्याचं तिला काही नव्हतं. आज तिचे पाय जमिनीला लागत नव्हते.

पिंजऱ्याला चारी बाजूंनी गोणपाट गुंडाळलं होतं. माणसं पाहून आतली जोडी बिथरू नये म्हणून डोकावायला सक्त मनाई होती. होडीवाल्या बाबलीच्या बायकोनं, देवकीवहिनीनं, गोणपाटावर अबोलीचा वळेसर मात्र बांधलाच. “चेडवाक सासरी धाडतना कोण मोकळ्या केसान धाडता?” ती म्हणाली.

सर्वणजवळच्या एका बंद खाणीच्या तळ्यावर, सरकारी संवर्धन केंद्रात, भाग्यलक्ष्मीनं पाणमांजरं वाढवली होती. नदीत पोहणारं, मासे खाणारं हे चपळ जनावर शापोरा नदीतून केव्हाच नाहीसं झालं होतं. तिनं स्वतः काठाकाठानं हिंडून विचारलं होतं. चोपड्याच्या मासेमाऱ्यांनी तर तिला वेड्यातच काढलं. “मांजर? आनी पाण्यात? आमच्या बापजाद्यांनी कधी देखूंक नाय, बाय!” मग तिनं मांडीवरच्या पिल्लाचा फोटो दाखवला. डोळे मिटलेलं, करडं, मुठीएवढं पिल्लू. “मांजराचाच पील गो ता,” म्हणून बायका पदराआड हसल्या होत्या.

म्हणजे नदी रिकामी होती. ती पुन्हा नांदती करायची, एवढा एकच ध्यास भाग्यलक्ष्मीनं घेतला होता. ही जोडी रुळली तर मागोमाग आणखी सोडायच्या. नाही रुळली तर केंद्राला कुलूप, असं वरच्यांनी स्पष्टच सांगितलं होतं. पण आज अभद्र काही मनात आणायचं नाही, असं तिनं ठरवलं होतं.

एकदाचा पिंजरा चढला. होडी बाबलीची. बाबली म्हणजे गावच्या मासेमाऱ्यांचा म्होरक्या. मनात आलं तर नदी उपसेल, नाही आलं तर वल्हंसुद्धा उचलणार नाही. सुरुवातीला त्यानं या कामाला नाकच मुरडलं होतं. मासळी खाणारं आणखी एक तोंड कशाला, हा त्याचा सवाल. भाग्यलक्ष्मीनं त्याच्या ओसरीवर बसून, चहात पाव बुडवून खाता खाता त्याला असं काही पटवलं, की आता तिच्यापेक्षा त्यालाच जास्त घाई झाली होती.

होडी कांदळवनाकडे निघाली. मुळांपाशी काहीतरी सळसळलं.

“साप!” भाग्यलक्ष्मी म्हणाली.

“शू! लांबडां म्हण, बाय.” बाबलीनं वल्हं थांबवलं. “पाण्यार कोणाचां खरां नाव घेवचां नाय. हाक मारलीस काय येता. आमी सगळ्यांक दुसऱ्याच नावान वळखतो.”

“बरं बाबा, लांबडं!” ती हसली. आज तिला कशाचंही हसू येत होतं.

“तुझ्या जोडीची काळजी करू नको,” बाबली वल्हवता वल्हवता म्हणाला. “सगळी तयारी केलंय. पावण्यांकव वाटेक लावले.”

“पाहुण्यांना? कोण पाहुणे आले होते?”

“येतत मरे. पोराबाळांसकट येवन रवतत आनी आमच्या आयत्या मासळीर ताव मारतत.”

“अहो, माझ्यासाठी त्यांना कशाला घालवलंत? राहू द्यायचं होतं.”

“न्हय गो! नवी जोडी येतली, तिका पोटभर मासळी व्होयी, निवांत जागा व्होयी, असां तूच सांगितलंस न्हय? एका घरात दोन बिऱ्हाडां कशी नांदतली? गावान मिळान ठरयलां. आता एकव उरूंक नाय.”

भाग्यलक्ष्मीला गहिवरून आलं. ज्या गावानं तिला वेड्यात काढलं होतं, तेच गाव तिच्या जनावरांसाठी आल्या पाहुण्यांना परत धाडत होतं. जेवत्या पाहुण्याला पानावरून उठवायचं म्हणजे काय थोडी गोष्ट झाली? तिनं पदरानं डोळे टिपले.

“बाबलीबाब, तुमचे उपकार कसे फेडू?”

“उपकार कसले? नदी तुझी तशी आमची.” त्याचा चेहरा नुसता फुलून आला होता.

कांदळवनाशी होडी लागली. तोवर गावही बांधावरून धावत समोर येऊन उभं राहिलं होतं. भाग्यलक्ष्मीनं गोणपाट सोडलं, देवाचं नाव घेतलं आणि पिंजऱ्याचं दार वर ओढलं.

काहीच हललं नाही. आणि मग एक ओलं नाक बाहेर आलं. मिशा आल्या, चपटं डोकं आलं. मादी क्षणभर काठावर थबकली आणि सुळकन पाण्यात गेली. तिच्यामागून नर. दोघांची डोकी दूरवर एकदम वर आली, एकमेकांभोवती फिरली, आणि नदीवर त्यांची शीळ घुमली.

“गेली! गेली माझी पोरं!” भाग्यलक्ष्मी हसतही होती आणि रडतही होती. होडी डुलतेय याचंही तिला भान राहिलं नाही. “बाबलीबाब, बघा! आपल्या नदीत पाणमांजरं!”

गाव आता टाळ्या पिटेल म्हणून तिनं बांधाकडे पाहिलं. बांधावरची माणसं एकमेकांच्या तोंडाकडे बघत होती. देवकीवहिनीनं तोंडाला पदर लावला होता.

ती बाबलीकडे वळली. त्याचं वल्हं हातातून सुटून पाण्यावर वाहत चाललं होतं आणि त्याचं तिकडे लक्षच नव्हतं.

“बाय,” तो म्हणाला, “हे तर पावणे.”