दिवेआगरचा टॉवर

"वादळात टॉवर पडला, महिनाभर फोन बंद. मग तुम्ही सुखरूप आहात हे मुलाला कसं कळवलंत?" आपत्तीतल्या संपर्कयंत्रणेवर संशोधन करणाऱ्या वल्लरीनं गोदावरीकाकूंना विचारलं.

"कळवलंच नाही. काही कळेना म्हणून देवव्रत स्वतःच पुण्याहून आला. रस्त्यावर झाडं आडवी, म्हसळ्यापासून चालत. मग राहिलाच. वाडीतल्या पडलेल्या पोफळी तोडल्या, घर शाकारलं, दोन्ही वेळ माझ्या पानाशेजारी जेवला."

"आणि आता?"

"आता रेंज छान असते. रोज फोनवर विचारतो, बरी आहेस ना. त्यामुळे यायची गरज पडत नाही."

"शेवटचा प्रश्न. यंत्रणेत काय सुधारणा हवी?"

काकू सुपारी कातरायच्या थांबल्या.

"टॉवर अधूनमधून पाडता येईल का?"