पाच सेकंदांची झोप

=> डिस्क जागी.
=> घड्याळ जागं.
=> नेट जागं.
=> पडदा जागा.

काळ्या पडद्यावरून ओळी झरझर गेल्या आणि पासवर्डची चौकट येऊन उभी राहिली. काकाने छाती पुढे काढली.

"बघ. पापणी लवायच्या आत. आधी हे धूड उठेपर्यंत चहा गार व्हायचा."

पुतणी पडद्याकडे बघत राहिली. चौकट तिची वाट बघत होती, आणि ती कशाची तरी.

"झालं?"

"झालं. उद्या नव्या गावी, नव्या नोकरीत मिरव आता."

"परत लाव ना एकदा. मधलं निसटलं."

"मधलं काही नसतं गं. मशीन चालू केलं की आधी एकच प्रोग्राम उठतो. इनिट. तो मग एकेकाला उठवतो. घरच्या कर्त्यासारखा. तुझ्या बाबाने ठेवलेला कर्ता, सिस्टमडी, सगळ्यांच्या कामात नाक खुपसणारा. मी रनिट बसवला. मोजकं बोलतो, कामाला लागतो. आणि हे रोज बंद का करतेस? झाकण मिटलं की पुरे. किती वेळा सांगितलं."

पलीकडे वहिनी लेकीच्या बॅगेत कपडे रचत होती. तिने मान वर केली नाही.

"जिंकलात म्हणायचं भाऊजी. दोघा भावांचं ताटावर बसलं की हेच. भाजी संपायची, इनिट संपायचा नाही. आता उलट बोलायला हे नाहीत, तर घ्या जिंकून."

ती हसत म्हणाली, म्हणून काकाही हसला.

पुतणीने लॅपटॉप स्वतःच बंद केला, स्वतःच चालू केला. बोट पडद्याला लावून बसली.

=> डिस्क जागी.
=> घड्याळ जागं.
=>

बोट तिथेच राहिलं. ओळी त्याच्याखालून निघून गेल्या.

"घड्याळानंतर यायची," ती म्हणाली. "बाबाची ओळ."

टेबलावर ठेका धरलेली काकाची बोटं थांबली.

"कुठली?" त्याने विचारलं. त्याला माहीत होतं कुठली.

"थांब गं घायकुते, उठवतोय सगळ्यांना." फोन नंबर सांगावा तशी ती म्हणाली. "मग जरा थांबायचं. मला वाचता यावं म्हणून."

वहिनीच्या हातातली घडी मोडली. "म्हणून रोज बंद करायचीस होय?"

पुतणीने पडद्यावरचं बोट काढलं नाही.

काकाला ती फाईल काल दुपारीच सापडली होती. एक ओळ छापायची आणि पाच सेकंद थांबायचं, एवढंच तिचं काम. थांबण्याच्या त्या आज्ञेला मशीनच्या भाषेत झोप म्हणतात. एकटाच असून तो मोठ्याने हसला होता. दादा कसला, गाढवच, असं म्हणाला होता. मग फोटो काढून इनिटवाल्यांच्या ग्रुपवर टाकला होता. आणि मग जुनं सगळं पुसलं होतं. मुळापासून, हात लागेल तिथपर्यंत.

"परत येईल?"

"पुसलं मी."

"तुझ्या त्या रनिटमध्ये बसत नाही का ते?"

"बसतं. दोन्हीत बसतं."

"मग काढलंस कशाला?"

इनिटवर तासभर बोलू शकणारा माणूस चार्जरची वायर सरळ करू लागला.

"आत्ता लिहून देतो," शेवटी तो म्हणाला. "तू सांग, मी लिहितो. त्यात काय एवढं."

"मी सांगितलेलं नको. बाबाने लिहिलेलं हवं. तो इंग्रजी अक्षरांत लिहायचा, मनाला येईल तसं. घायकुतेमध्ये किती ए होते तेही मला आठवत नाही. रोज बघून आठवत नाही. आता कुणाला विचारू?"

काकाने वायर खाली ठेवली. गप्प बसून भागलं असतं. दोन ए की एक, ती आयुष्यभर शोधत बसली असती आणि याला कुणी काही म्हटलं नसतं.

"माझ्याकडे फोटो आहे," तो म्हणाला.

त्याने मोबाईल काढला. ग्रुप उघडला. दोन बोटांनी फोटो ताणून एवढा मोठा केला की पडद्यावर ती ओळ सोडून काही उरू नये. मग मोबाईल तिच्यापुढे धरला, पण हातातून सोडला नाही.

तिने तो त्याच्या हातातून काढून घेतला. ओळ वाचली. नंतर फोटो चिमटीने लहान केला.

खाली काकाचे शब्द होते. "आमच्या थोरल्या बंधूंचं इंजिनिअरिंग. उठता उठता पाच सेकंद झोप."

त्याखाली हसरे चेहरे. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसणारे, ओळीने.

वहिनी मागून येऊन उभी राहिली होती. तिनेही वाचलं. मग ती बॅगेकडे परत गेली आणि रचलेले कपडे काढून पुन्हा रचू लागली.

"लिही," पुतणी म्हणाली.

काकाने लॅपटॉप पुढे ओढला. फाईल उघडली. ती एकेक अक्षर सांगत गेली, तो टंकत गेला. वर बघायची त्याची छाती झाली नाही.

मध्येच तिच्या हातातला मोबाईल थरथरला. ती थांबली.

"आणखी एक जण हसला," ती म्हणाली. "पुढे लिही. जी. एच." तिने मोबाईल डोळ्यांजवळ नेला. "ए. परत ए. दोन आहेत."